हेंद्रिक साहेबांचा हंगाम

सुरुवातीलाच क्षमा मागतो. ज्याने आयुष्यात एकदाही चेंडूला धड पाय लावला नाही त्याने एका फुटबॉलपटूविषयी लिहावं, हे कुणालाही आगाऊपणाचं वाटेल. मलाही वाटतं. शिवाय लिहिण्याची सवय नाही. माझ्या आजोबांनी सांगोल्याकडे मेंढरं राखली, वडील दुष्काळात सोलापूरच्या गिरणीत आले आणि मी पुण्याला कॉलेजात. घरात सही करणारा मीच पहिला. लिहिताना कुठे अडलं तर घरी विचारायला कुणी नाही. पण कॉलेजच्या १९२८ च्या वार्षिक अंकाच्या संपादकांनी 'काहीतरी द्याच' म्हटलं, आणि गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही. तेव्हा चुकलंमाकलं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं. हस्ताचा पाऊस सुरू झाला की मुलं तिथे फुटबॉल घेऊन उतरतात. कोरड्या चेंडूचा आवाज टणक असतो. ओल्याचा निराळा. पाणी प्यालेलं कातडं पायावर बसलं की कुणीतरी दमून खांद्यावरचं पोतं खाली टाकावं तसा आवाज येतो. परीक्षा पुढे आहे, वाचायचं खूप राहिलं आहे, आणि मी पुस्तक उघडं टाकून तो आवाज ऐकत बसतो. दर वर्षी हा महिना आला की मला थकवा येतो. आजारपण नव्हे. लांबून चालत आल्यावर पायांत जे भरून राहतं ते.

सोलापूरला पाऊस पुण्यासारखा धीराने पडत नाही. आषाढात नुसते ढग जातात, श्रावणात थोडी भुरभुर होते, आणि सगळे आशा सोडून बसले की भाद्रपदात, परतीच्या वाटेवर, तो एकदम कोसळतो. तेवढ्यात काळी माती मऊ होते. आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम तोच. अनवाणी पायाचा अंगठा फुटू नये आणि पाय चिखलात रुतूही नये, असे ते मोजके आठवडे. संध्याकाळचा भोंगा झाला की माणसं डोक्यावरचा कापूस न झटकताच मैदानाकडे निघत. मैदानाच्या एका कडेला कडुलिंबाची झाडं होती आणि दुसऱ्या कडेला गिरणीचं कोमट पाणी वाहून नेणारा नाला. रंगखात्यात ज्या दिवशी जो रंग काढला असेल तो नाल्याला. हिरव्या दिवशी चेंडू नाल्यात पडला तर हिरवा होऊन बाहेर यायचा, आणि तो डोक्याने मारणाऱ्याचं कपाळही.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीची कारकुनी करत होतो. पुढे शिकायचं होतं, पण आधी एक वर्ष कमवावं असं आबांनी ठरवलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. ते मागखात्यात जॉबर, म्हणजे माणसं कामावर लावणारे मुकादम होते. गिरणीत लहानथोर त्यांना बिरामामा म्हणत. माझ्या खिडकीतून सकाळी फाटक दिसे. भोंगा व्हायच्या आधी तिथे बदली कामगार उभे असत, भिंतीला पाठ लावून, कुणी तंबाखू मळत, कुणी तेलुगूत हळू बोलत. कायमचा कामगार आजारी पडला, गावाला गेला, की त्याच्या मागावर दिवसभर उभं राहायला हे बदली. आबा खात्यातून एक चक्कर मारून येत आणि फाटकाशी थांबून नुसतं बोट दाखवत. ज्याच्याकडे बोट गेलं तो आत पळे. आबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण मागांच्या रांगेत कुठे माणूस नाही ते त्यांना दारातूनच दिसे. कळपातलं मेंढरू कमी झालं की आजोबांना असंच दिसायचं म्हणे.

"माग मोकळा ऱ्हाता कामा न्हाय," एवढंच आबा म्हणत. बाकी त्यांना गिरणीविषयी कधी काही बोलताना मी ऐकलं नाही.

हेंद्रिक साहेब आले ते रंगखात्यात नवं यंत्र बसवायला. हॉलंड देशातून यंत्राचे भाग पेट्यांतून आले आणि पेट्यांच्या मागून हा उंच, पिंगट भुवयांचा, उजवा पाय जरासा ओढत चालणारा माणूस. त्याआधी काही वर्षं ते जावा बेटावर अशीच यंत्रं बसवत होते. हॉलंडच्या लोकांना आपल्या जुन्या बखरींत वलंदेज म्हणतात हे मी शाळेत शिकलो होतो, आणि मोठ्या उत्साहाने मी ते आबांना सांगितलं.

"आसंल वलंदेज," आबा म्हणाले. "जेवतो का पर नीट? लई वाळलाय."

पहिल्याच आठवड्यात साहेब मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. नव्या पेठेतून घेतलेली टोपी त्यांच्या हातात होती. डोक्याला ती बसतच नव्हती. आमचा गिरणीचा संघ सराव करत होता. सराव म्हणजे सगळ्यांनी मिळून चेंडूचा पाठलाग करायचा. साहेबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग ते ओरडू लागले. कुणाला काही कळेना. कुणीतरी मला बोलावून आणलं, आणि त्या संध्याकाळपासून मी त्यांचा दुभाषा झालो. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. दोघांचं बरं जमलं.

"काय म्हणतोय रं साहेब?" सिद्रामने विचारलं. सिद्राम आमचा सेंटर फॉरवर्ड. अक्कलकोटकडचा, घरी कानडी, अंगाने किरकोळ आणि तोंडाने भारी.

"म्हणतायत, सगळेच्या सगळे चेंडूच्या मागं का पळता?"

"मग कशाच्या मागं पळू? नाल्याच्या?"

मी ते भाषांतर करून सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. बसून उठताना त्यांनी उजव्या गुडघ्याला हात लावला आणि चेहरा कसनुसा केला. तेवढ्यावरून सिद्रामने ओळखलं. "फुटबॉलचा गुडघा हाय त्यो," तो म्हणाला. "माझ्या मामाचा आसाच झालता."

खरंच तसं होतं. पुढे पावसाची सर आली की आम्ही लिंबाखाली उभे राहत असू, आणि तिथे तुकड्या-तुकड्यांनी साहेबांनी आपली हकिगत सांगितली. त्यांचं गाव पाण्याच्या पातळीच्या खाली. आबांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. गावाच्या क्लबाचं मैदान म्हणजे एरवी गाईंचं कुरण. रविवारी सकाळी शेण उचलायचं, दुपारी सामना खेळायचा. साहेब सतराव्या वर्षापासून त्या क्लबाचे फॉरवर्ड. लोक त्यांना खांद्यावर घेऊन गावभर फिरवत, खाटीक फुकट मटण देई. मग एका सामन्यात गुडघा गेला. एक हिवाळा ते खिडकीशी बसून राहिले. नंतर यंत्रांच्या कंपनीत लागले आणि जहाजात बसले.

"आणि आता?" मी विचारलं होतं.

आता त्यांना परत जायचं होतं, त्याच क्लबाचा मॅनेजर म्हणून. त्यांनी क्लबाच्या वडीलधाऱ्यांना तसं विचारलंही होतं. उत्तर आलं की तू खेळलास चांगला, पण खेळणं वेगळं आणि खेळवणं वेगळं. कुठे काही जिंकून दाखवलं असशील तर सांग. यंत्र बसवण्याचं काम दिवाळीनंतर संपणार होतं. त्याआधी आमच्या गावातला कप होता. पोलीस, रेल्वे, दुसऱ्या गिरण्या, सगळ्यांचे संघ त्यात खेळत. सोलापूरचा कप हॉलंडात कोण विचारतो असं मला वाटलं, पण साहेबांच्या तोंडाकडे बघून मी ते बोललो नाही.

आबांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे ह्यो बी फाटकावर हुबा हाय म्हन की." त्या दिवसापासून आबा रोज मैदानावर येऊ लागले. फुटबॉल त्यांना कळत नव्हता, पण माणसं त्यांचं ऐकत. कोण पिऊन आला, कोण रात्रपाळी करून झोपलाच नाही, हे ते साहेबांना खुणांनी सांगत. साहेब सांगायचे आणि आबा करवून घ्यायचे.

तो महिना कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. दिवस आठवत नाहीत, वास आठवतात. ओल्या काळ्या मातीचा, रंगखात्यातल्या वाफेचा, साहेब गुडघ्याला चोळत त्या तेलाचा. टाइम ऑफिसच्या टेबलावर त्यांनी सूत गुंडाळायच्या अकरा बॉबिनी उभ्या केल्या होत्या. एकेक बॉबिन उचलून ते संघातल्या माणसाचं नाव घेत आणि ती सरकवत. 'चेंडू जिथे आहे तिथे आधीच गर्दी आहे, तिथे जाऊ नका, जिथे कुणी नाही तिथे जाऊन उभे राहा, चेंडू येईल.' हे मी मराठीत सांगायचो, नरसय्या ते तेलुगूत आपल्या माणसांना सांगायचा आणि गोलकीपर हुसेन दखनीत स्वतःलाच सांगायचा.

नरसय्या संघात बारावा. गिरणीतही तो बदलीच होता. सरावात कुणी दमला की साहेब त्याला बाहेर घेत आणि नरसय्याला आत पाठवत. तो फार बोलत नसे. इतर लोक त्याची थट्टा करत की हा बायकोच्या घरीही बदलीच असणार. तो हसे आणि वाट बघत बसे. वाट बघण्याची त्याला सवय होती.

साहेब स्वतः कधी धावले नाहीत. एकाच जागी उभे राहून चेंडू मारत आणि तो चेंडू बरोबर धावत्या माणसाच्या पुढ्यात जाऊन पडे. एकदा मात्र सिद्रामला काहीतरी दाखवताना ते विसरले आणि चार पावलं धावले. धावताना ते एकदम तरुण दिसले. मग थांबले. सिद्रामने उगाच चेंडू नाल्यात मारला आणि आणायला गेला.

"फॉरवर्डकडे लोक सामना चालू असताना बघतात," साहेब मला त्या संध्याकाळी म्हणाले, "आणि मॅनेजरकडे हरल्यावर." ते हसून बोलले आणि गुडघ्याला तेल चोळत राहिले.

आम्ही हरलो नाही. पोलिसांना हरवलं, दुसऱ्या एका गिरणीला हरवलं. कुणाला मोठी दुखापत झाली नाही, अकरा उतरले आणि अकरा परतले. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण त्यामुळेच पुढचं झालं. सामन्यात एखादा माणूस पडला तर काय करायचं, हे सांगायची वेळच आली नव्हती. साहेबांच्या गावात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही.

अंतिम सामना रेल्वेच्या संघाशी होता. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. भिंतीवर, झाडांवर, टांग्यांच्या टपांवर माणसं चढली होती. पाहुण्यांसाठी टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर कप. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात दोन्ही संघ चिखलाने एकाच रंगाचे झाले. पंच गोरे गृहस्थ होते; ते सारखे चष्मा पुसत होते.

दुसऱ्या अर्ध्यात रेल्वेच्या एका धिप्पाड खेळाडूचा बूट सिद्रामच्या अनवाणी घोट्यावर बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. साहेब धावत आत गेले, तशा पायाने, आणि सिद्रामला खांद्यावर टाकून लांबच्या लिंबाखाली घेऊन आले. मी पाणी आणायला वळलो. तेव्हा मला आबा दिसले.

ते मैदानाच्या रेघेशी उभे होते. त्यांनी आपल्या माणसांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, मधली मोकळी जागा पाहिली, आणि नरसय्याकडे बोट दाखवलं. नरसय्या उठला, हात मांड्यांना पुसले आणि मान खाली घालून, खात्यात शिरावं तसा, सरळ त्या मोकळ्या जागी जाऊन उभा राहिला. चिखलात कोण कोणता हे पंचांनाही ओळखू आलं नाही. आमच्या बाजूच्या शेकडो गिरणी कामगारांपैकी एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही. मी पाणी घेऊन लिंबाखाली गेलो. साहेब मैदानाकडे पाठ करून सिद्रामच्या पायाला फळी बांधत होते.

मग एक आरोळी उठली. चेंडू जिथे कुणी नव्हतं तिथे आला होता, आणि तिथे नरसय्या उभा होता. गोल झाला. लोक भिंतीवरून खाली पडले म्हणतात. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली आणि आम्ही कप जिंकला होता.

साहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येत नाही. त्यांनी सिद्रामच्या कपाळावरचा चिखल पुसला, मला मिठी मारली आणि लंगडत मैदानाकडे निघाले. लोकांनी नरसय्याला खांद्यावर घेतलं होतं. साहेब थबकले.

"तो कोण?" त्यांनी विचारलं.

"नरसय्या."

"नरसय्या इथे बसला होता."

"हो," मी म्हणालो. "सिद्राम पडल्यावर आत गेला."

त्यांनी मागे वळून लिंबाखालच्या सिद्रामकडे पाहिलं. पुन्हा मैदानाकडे पाहिलं. तेवढ्यात आबा आले. इतके आनंदलेले आबा मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाहीत. पटका सुटून गळ्यात आला होता.

"म्हादू, साहेबाला सांग," ते म्हणाले. "जागा मोकळी ठिवली न्हाय म्हनावं मी. लगीच मानूस लावला."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

साहेबांनी आबांकडे पाहिलं. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला, आणि ते पंचांकडे चालू लागले. तोवर कुणाच्याच लक्षात काही आलेलं नव्हतं. रेल्वेचे खेळाडू माना खाली घालून बसले होते, पंच चष्मा पुसत होते. साहेब गप्प राहिले असते तर कप आमचा होता आणि त्यांचाही. पंचांशी ते दोन-चार वाक्यं बोलले असतील. पंच उभे राहिले. मग टेबलापाशी कुजबुज झाली, आणि कप चादरीवरून उचलून रेल्वेच्या संघाला देण्यात आला.

आमची माणसं साहेबांभोवती जमली. हुसेनचा आवाज सगळ्यांत वर होता. "साब, तुम किसके तरफ के हैं? जीता सो कप कोई वापस देता क्या?"

"येडा झालाय त्यो," कुणीतरी म्हणालं. "रेल्वे कंपनीनं फितवला त्याला."

साहेबांनी मला सांगायला सांगितलं, आणि मी सांगितलं: या खेळात बदली नसतो. माणूस पडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं.

मग आबा पुढे आले. "दहा जनांनी अकराचं काम करायचं? ही कुठली रीत? गिरनीत मी आसं केलं तर लोक दगडं मारतील मला."

"आबा, खेळाचा नियम आहे तो."

"आनि पडल्याला मानूस? त्याची जागा तशीच?"

"तशीच."

आबांनी साहेबांकडे पाहिलं. त्यांना हळूहळू उमगत होतं. "म्हंजे मी बोट केलं म्हून गेलं व्हय?" त्यांनी मला विचारलं. मी खाली वाकून पायाचा चिखल काढू लागलो. साहेबांनी मात्र शब्द न कळता प्रश्न ओळखला असावा. "तुझ्या वडिलांना सांग," ते म्हणाले, "त्यांची रीत जास्त बरी आहे. पण आम्ही दुसरीच मानून खेळायला उतरलो होतो."

मी सांगितलं. आबांनी पटका सोडला, पुन्हा बांधला, आणि ते घराकडे चालू लागले.

नरसय्या सगळे पांगेपर्यंत थांबला होता. अंगातला निळा सदरा काढून त्याने घडी घातली होती. मला म्हणाला, "एवढंच विचार साहेबांना. माझा गोल खरा होता का खोटा?"

साहेबांनी विचार केला. "फार सुंदर गोल होता," ते म्हणाले. "मी आयुष्यात तसा एकच मारला, आणि तोसुद्धा पंचांनी धरला नाही."

नरसय्या हसला. मग रडला. मी दोन्हीकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर माणसं साहेबांशी बोलेनाशी झाली. रंगखात्यात ते एकटेच यंत्राभोवती फिरत, कुठे तेल घालत, कुठे कान लावून ऐकत. दिवाळीनंतर यंत्र सुरू झालं आणि ते निघाले. स्टेशनवर आम्ही दोघंच होतो, आबा आणि मी. आबांनी आईकडून कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून आणली होती. गाडी सुटायच्या आधी त्यांनी मला विचारायला लावलं, "आता घेतील का तुमाला तितं?"

साहेबांनी खांदे उडवले. "बघू," ते म्हणाले. मग चटणीचा वास घेऊन डोळ्यांत पाणी आल्याचं नाटक केलं. नाटकच असावं.

पुढे मी पुण्याला आलो. सुट्टीत घरी गेलो की आबा अभ्यासाचं विचारत, जेवणाचं विचारत, आणि मग तंबाखू मळता मळता विचारत, "त्या साहेबाचं काय कळलं का? मिळालं का त्याला?" पुण्यात जगातल्या सगळ्या बातम्या येतात अशी त्यांची समजूत. वाचनालयात मी इंग्रजी पेपर चाळत असे. त्यात इंग्लंडचं क्रिकेट असे, घोड्यांच्या शर्यती असत. हॉलंडातल्या, पाण्याच्या पातळीखालच्या एका गावाच्या क्लबाला मॅनेजर कोण नेमला, हे पुण्याच्या पेपरात कशाला येईल? पण मी बघत असे. रिकाम्या हाताने घरी जायचा कंटाळा येई. मग मी म्हणे, "अजून नाही कळलं, आबा." ते म्हणत, "न्हाय तर न्हाय." आणि त्यांचा चेहरा फाटकावरून परत गेलेल्या माणसासारखा होई. हंगामात ते आता मैदानाकडे जात नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, गुडघे दुखतात.

ही गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. गिरणीत यापेक्षा मोठी दुःखं रोज घडतात. पण ज्या कामाबद्दल आयुष्यभर लोकांनी नावाजलं, तेच काम हातून झालं आणि त्यानेच एका माणसाचं घर बुडालं, असं आबांनी धरून ठेवलं होतं. मी लॉजिकचं पुस्तक वाचतो. त्यात यावर उपाय नाही.

या वर्षी गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या चाळीतला एक माणूस पुण्याला आला. त्याच्याबरोबर आबांचा निरोप होता. रंगखात्यातलं यंत्र बिघडलंय, त्याच कंपनीचा नवा डच आलाय, सुट्टी लागली की थांबू नको. गिरणीत इंग्रजी बोलणारे कारकून होते. आबांना त्यांच्याकडून विचारून घेता आलं असतं. पण हा प्रश्न त्यांना परक्याच्या तोंडून विचारायचा नव्हता.

मी गेलो. सकाळच्या पाळीत रंगखात्यात गेलो तेव्हा वाफेत काही दिसत नव्हतं. नवा डच तरुण होता, लालभडक झालेला, बाह्या वर सारलेल्या. मी बिचकत, दोनदा चुकत, विचारलं. हेंद्रिक साहेब ठाऊक आहेत का?

"हेंद्रिक? लंगडा हेंद्रिक?" तो मोठ्याने म्हणाला. "आमच्याच कारखान्यात आहे. पोरांना काम शिकवतो."

"ते फुटबॉलच्या क्लबाचे मॅनेजर होणार होते..."

"होता की! जावाहून... नाही, इकडूनच परत आला त्या वर्षी. त्यांनी त्याला घेतलं. एक हंगाम होता. सगळे सामने हरले. मग काढला."

यंत्राचा आवाज फार होता. मी पुढे वाकून ओरडून विचारलं, पण कुठलाही कप जिंकल्याशिवाय ते घेणार नव्हते ना?

त्याने नवलाने माझ्याकडे पाहिलं. "दुसरं कुणी तयारच नव्हतं," तो म्हणाला, आणि वळून पाना हातात घेतला.

मी घरी आलो. आबांना त्या दिवशी दुसरी पाळी होती. ते उंबऱ्याशी बसले होते. मी चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"मग?"

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. त्यांना घेतलं. गेल्या गेल्या घेतलं, कप नसतानाही. एक हंगाम मॅनेजर होते. मग काढून टाकलं. आता कारखान्यात पोरांना शिकवतात.

आबांनी तळहातावरचा तंबाखू तसाच खाली झटकला, भिंतीला धरून उठले आणि आत गेले. आई चुलीशी भाकऱ्या थापत होती. तिला या सगळ्यातलं फारसं कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"आगं, ऐकलंस का," आबा तिला म्हणाले. "मिळालं हुतं त्याला."

"कुनाला? काय?"

"मिळालं हुतं," आबा पुन्हा म्हणाले.

काढल्याचं त्यांनी तिला सांगितलं नाही.